फोल्डआर ‘उजवीकडून’ चालते म्हणजे नेमके काय होते?

बारदान

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब पाहतो आणि गेल्या तीन महिन्यांपासून रात्री दुकान वाढवल्यावर हास्केल ही संगणकभाषा शिकतो आहे. यादीतल्या प्रत्येक घटकावर एकच क्रिया करणारे मॅप समजले, अटीत बसणारे घटक वेगळे काढणारे फिल्टरही समजले; गाडी अडली आहे ती फोल्डपाशी. संपूर्ण यादी घडी घालत घालत एका उत्तरापर्यंत आणायची, एवढा अर्थ ध्यानात येतो. पोत्यांची वजने ५२, ४९, ५१, ५३ आणि ५० किलो असतील, तर आरंभी शून्य धरून एकेक वजन मिळवत गेल्यावर २५५ येतात, आणि हे काम मी दुकानात रोज हातानेच करतो.

अडचण पुढे आहे. फोल्डएल डावीकडून आणि फोल्डआर उजवीकडून चालते, असे सगळीकडे लिहिलेले दिसते. फोल्डआर उजवीकडून म्हणजे यादीच्या शेवटाकडून सुरू होत असेल, तर ज्या यादीला शेवटच नाही तिच्यावर ते चालूच नये. प्रत्यक्षात १ पासून अनंतापर्यंतच्या यादीत ४५ किंवा त्याहून मोठी संख्या आहे का, हे मी फोल्डआरने विचारले तेव्हा उत्तर क्षणात आले. आणि फोल्डएलने विचारले तेव्हा पाच मिनिटे वाट पाहून शेवटी कंट्रोल आणि सी दाबून ते थांबवावे लागले. जे शेवटाकडून चालते ते अनंत यादीवर थांबते आणि जे सुरुवातीकडून चालते ते थांबत नाही, हे मला उलटे वाटते. (घरात ‘फोल्डआर’ हा शब्द ऐकून धाकट्या भावाला मी संगणकात फायलींचे फोल्डर आवरतो आहे असे वाटले, तो गोंधळ वेगळाच.)

विश्रामबाग

फोल्डआर शेवटच्या घटकापासूनच सुरू होते. ट्रकमधून उतरवलेल्या पोत्यांच्या थप्पीत शेवटचे पोते आधी काट्यावर घ्यावे, तसे ते आहे. तुमच्या अनंत यादीचे उत्तर लवकर आले ते हास्केल आळशी असल्यामुळे, म्हणजे गरज पडेपर्यंत ते कोणताही हिशेब सोडवत नाही म्हणून. त्याचा फोल्डआरशी फारसा संबंध नसावा.

दंडोबा

विश्रामबाग यांचे अर्धे म्हणणे खरे आहे, पण आळशीपणाचा संबंध नुसता आहेच असे नव्हे, सगळे उत्तर त्यातच आहे. ‘उजवीकडून’ हा शब्द चालण्याची दिशा सांगत नाही, तो कंस कोणत्या बाजूला झुकतात हे सांगतो. दोन्ही फोल्ड यादीत शिरतात ते पहिल्याच घटकापाशी, कारण हास्केलच्या यादीला दुसरे दारच नाही.

यादी कशी बनते ते आधी पाहू. आपण [५२, ४९, ५१] असे लिहितो ती केवळ सोयीची पद्धत आहे. आत ती ५२ : (४९ : (५१ : [])) अशी असते. म्हणजे एक डोके, त्याला विसर्गासारख्या चिन्हाने जोडलेली शेपूट, त्या शेपटीला पुन्हा डोके आणि शेपूट, आणि सर्वांत शेवटी रिकामी यादी. या रचनेतील प्रत्येक विसर्गाच्या जागी तुमची क्रिया ठेवायची आणि रिकाम्या यादीच्या जागी आरंभीचे मूल्य ठेवायचे, एवढेच काम फोल्डआर करते. क्रिया बेरजेची आणि आरंभ शून्याचा असेल तर ५२ + (४९ + (५१ + ०)) मिळते. कंस जागचा हलत नाही, डोके जागचे हलत नाही. म्हणूनच क्रियेच्या जागी पुन्हा विसर्ग आणि आरंभाच्या जागी पुन्हा रिकामी यादी दिली, तर मूळ यादी जशीच्या तशी हातात येते.

दोन्हींच्या व्याख्या मराठी अक्षरांत लिहितो. संगणकावर अर्थातच त्या रोमन लिपीत टंकाव्या लागतील.

फोल्डआर क्रिया आरंभ [] = आरंभ
फोल्डआर क्रिया आरंभ (डोके : शेपूट) = क्रिया डोके (फोल्डआर क्रिया आरंभ शेपूट)

फोल्डएल क्रिया साठा [] = साठा
फोल्डएल क्रिया साठा (डोके : शेपूट) = फोल्डएल क्रिया (क्रिया साठा डोके) शेपूट

प्रत्येक व्याख्येच्या दुसऱ्या ओळीत बरोबरच्या चिन्हानंतर सर्वांत आधी काय येते, तेवढे पाहा. फोल्डआरमध्ये तुमची क्रिया येते. फोल्डएलमध्ये पुन्हा फोल्डएलच येते.

तुमच्याच दुकानातले चित्र घेऊ. तोलार वजन पुकारतो आणि दिवाणजी प्रत्येक पोत्यानंतर बेरीज पुढे नेतात: ५२, १०१, १५२, २०५, २५५. ‘मागील पानावरून पुढे’ असे लिहून आणलेली ही बेरीज म्हणजे फोल्डएलचा साठा. पोती संपेपर्यंत दिवाणजी कोणालाही उत्तर देत नाहीत. त्यांच्या हातात उत्तर असले तरी ते ‘अजून पोती आहेत’ एवढेच म्हणतात.

आता दुसरे चित्र. पाच हमाल आपापल्या पोत्याशेजारी ओळीने उभे आहेत. पहिल्याला तुम्ही बेरीज विचारता. तो म्हणतो, ‘माझे ५२, त्यात पुढच्यांची बेरीज मिळवा,’ आणि दुसऱ्याला विचारतो. दुसरा तिसऱ्याला विचारतो. पाचव्याच्या पुढे कोणीच नाही, म्हणून तेथे आरंभीचे शून्य मिळते आणि उत्तर माघारी येऊ लागते. हे फोल्डआर. त्यात प्रश्न पहिल्या हमालापासूनच निघाला, फक्त बेरीज शेवटाकडून पूर्ण होत आली.

आता प्रश्न बदला आणि विचारा, ‘एखादे पोते ओले आहे का?’ पहिल्याचेच पोते ओले असेल तर तो ‘आहे’ म्हणून मोकळा होतो आणि दुसऱ्याकडे वळतही नाही. त्याच्यामागे पाच जण उभे आहेत की पाच कोटी, की ओळ संपतच नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. बेरजेला दोन्ही बाजू लागतात, म्हणून ती शेवटापर्यंत जाते. ‘किंवा’ या क्रियेची डावी बाजू खरी ठरली की तिला उजव्या बाजूची गरज राहत नाही. तुमची अनंत यादी थांबली ती यामुळे.

आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीचे उदाहरण आपल्याकडे कोणालाही समजेल. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. नोंदी ३८, ४१, ४६, ४४ अशा क्रमाने येत असतील आणि धोका पातळी गाठली का एवढेच विचारायचे असेल, तर फोल्डआर ४६ वर थांबते आणि ४४ ची नोंद वाचतही नाही. फोल्डएल मात्र चारही नोंदी ओलांडून जाते. एक सावधगिरी हवी: नोंदी कायमच ३८ आणि ४१ अशा येत राहिल्या आणि यादी अनंत असली, तर फोल्डआरही कधीच थांबणार नाही. अनंत यादीवर ते थांबेल याची हमी नसते. थांबण्याजोगे काही सापडले तर ते थांबते.

बारदान

हमालांची ओळ वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याच उत्साहात काल रात्री दिवसभरातील सौद्यांचा सर्वांत कमी दर काढणारा फोल्ड लिहिला. क्रिया ‘दोहोंतील लहान’ आणि आरंभ शून्य, असे दिले. उत्तर शून्य रुपये आले. वीस वेळा ताडून पाहिले, यादी बरोबर होती, क्रिया बरोबर होती, आणि राजापुरी हळद फुकट विकली गेल्याचे संगणक ठामपणे सांगत होता. चूक झोपायला गेल्यावर कळली, पण त्यावरचा उपाय अजून नीट कळलेला नाही.

कृष्णाकाठ

शून्य हा आरंभ बेरजेचा आहे, सर्व क्रियांचा नव्हे, आणि ही ठेच बहुतेक सर्वांना एकदा तरी लागते. आरंभीचे मूल्य असे हवे की ते क्रियेत मिसळले तरी समोरचे मूल्य बदलू नये. बेरजेसाठी ०, गुणाकारासाठी १, ‘किंवा’साठी खोटे, ‘आणि’साठी खरे, याद्या जोडण्यासाठी रिकामी यादी. गुणाकाराला शून्य दिले तर सगळे शून्य होते, हे लगेच दिसते. ‘लहान’ या क्रियेला शून्य दिले तर तेच होते, पण चटकन दिसत नाही.

‘दोहोंतील लहान’ या क्रियेसाठी असे निरुपद्रवी मूल्य म्हणजे अनंत, आणि साध्या पूर्णांकांत अनंत नसतो. म्हणून यादीतील पहिलाच दर आरंभ म्हणून घ्यायचा आणि उरलेल्यांवर फोल्ड चालवायचा, हा सरळ मार्ग. फोल्डआर१ आणि फोल्डएल१ या नावांची फलने (फंक्शन) नेमके हेच करतात, फक्त फोल्डआर१ शेवटचा घटक आरंभ म्हणून वापरते. मात्र ज्या दिवशी सौदेच निघाले नाहीत त्या दिवशी यादी रिकामी असेल आणि ही दोन्ही फलने चूक दाखवून कोसळतील. जावास्क्रिप्टमधील रिड्यूसला, म्हणजे तिथल्या डाव्या फोल्डला, आरंभ न देता रिकामी यादी दिली तर तेथेही हाच प्रकार होतो, पायथनमध्येही होतो. रिकाम्या यादीतील सर्वांत कमी दर या प्रश्नाला उत्तरच नाही, तेव्हा फलनाने ते प्रामाणिकपणे सांगावे: उत्तराचा प्रकार ‘मेबी’ (उत्तर असेलही, नसेलही) ठेवावा, रिकाम्या यादीला ‘नथिंग’ द्यावे आणि एरवी दर ‘जस्ट’मध्ये बांधून द्यावा. शून्य रुपये हे उत्तर वहीत चढते आणि कोणाला शंका येत नाही. ‘नथिंग’ वहीत चढवताच येत नाही.

विश्रामबाग

दंडोबा यांचे म्हणणे मान्य, पण माझ्या मनातील एक गाठ सुटत नाही. [१, २, ३, ४] या यादीवर वजाबाकीचा फोल्ड आरंभ शून्य धरून चालवला, तर फोल्डएल −१० देते आणि फोल्डआर −२ देते. −२ येण्यासाठी ४ − ० हेच आधी करावे लागते, म्हणजे सुरुवात शेवटाकडूनच झाली ना? शिवाय मी पोटापाण्यासाठी जावास्क्रिप्ट लिहितो, आणि तेथील रिड्यूसराइट निःसंशय शेवटच्या घटकापासून चालू होते.

दंडोबा

तुमची दोन्ही निरीक्षणे बरोबर आहेत, आणि गोंधळाचे मूळ त्यांतच आहे. १ − (२ − (३ − (४ − ०))) यात सर्वांत आतला कंस आधी सुटतो, म्हणून *गणित* उजवीकडून पूर्ण होते. पण त्या आतल्या कंसापर्यंत पोहोचण्यासाठी १, २ आणि ३ ओलांडूनच यावे लागते, म्हणून *चाल* डावीकडूनच असते. वजाबाकीला दोन्ही बाजू हव्या असतात म्हणून हा फरक झाकला जातो. ‘किंवा’सारखी क्रिया आली की तो उघडा पडतो.

जावास्क्रिप्टची गोष्ट निराळी आहे. तेथे तुमच्या हातात साखळी नसून क्रमांक घातलेले कप्पे असतात, त्यामुळे शेवटच्या कप्प्यात थेट हात घालता येतो, आणि रिड्यूसराइट तेच करते. तो अनुभव घेऊन हास्केलकडे येणाऱ्याला फोल्डआर हे त्याचेच भावंड वाटते. नाव सारखे, उत्तरही बहुधा सारखे, पण अनंत यादीपाशी दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ओकॅमल या आणखी एका भाषेत यादी साखळीच असते, पण फलनाला काही देण्याआधी ते पूर्ण सोडवले जाते. त्यामुळे तेथील उजवा फोल्ड ओल्या पोत्यापाशी न थांबता शेवटापर्यंत जातोच. पायथनमध्ये उजवा फोल्ड तयार मिळतच नाही आणि डावा म्हणजे रिड्यूस, तोही २००८ मधील पायथन ३.० पासून फंकटूल्स या वेगळ्या मोड्यूलमध्ये हलवला गेला आहे.

कंसांचा फरक आणखी एका गमतीदार ठिकाणी दिसतो. [१, ९, २, ९] हे अंक आहेत आणि त्यांतून संख्या बनवायची आहे. फोल्डएलला ‘साठ्याची दहापट अधिक अंक’ ही क्रिया आणि शून्य आरंभ दिला, तर १, १९, १९२, १९२९ अशी संख्या वाढत जाते आणि आयर्विन पुलाच्या उद्घाटनाचे साल मिळते. तीच क्रिया फोल्डआरला ‘अंक अधिक उरलेल्याची दहापट’ अशी दिली, तर ९२९१ मिळतात. आकडे डावीकडून वाचत संख्या उभी करायची असेल तर डावा फोल्ड स्वाभाविक आहे, येथे उजव्याचा हट्ट धरू नये.

बारदान

मग बेरजेसाठी मी डावा फोल्डच वापरायचा, असे ठरवून दहा लाखांपर्यंतच्या संख्यांची बेरीज केली: ५,००,००,०५,००,०००. एक कोटीपर्यंतची करू लागलो तेव्हा माझा जुना लॅपटॉप गुदमरला, पंखा ओरडू लागला आणि माउससुद्धा हलेना. दिवाणजींची बेरीज तर प्रत्येक पोत्यानंतर एकच आकडा असते. मग एवढी स्मृती कशाला लागली?

तंबोऱ्याची तार

कारण तुमचे हास्केलमधले दिवाणजी बेरीज करतच नाहीत. ते ‘० अधिक १’ असे लिहितात, मग ‘(० अधिक १) अधिक २’ असे लिहितात, आणि कोणी उत्तर मागेपर्यंत नुसते लिहीतच राहतात. न सोडवलेल्या अशा प्रत्येक हिशेबाला थंक म्हणतात, आणि एक कोटी थंक म्हणजे एक कोटी चिठ्ठ्यांचा ढीग. हास्केलच्या संकलकाला, म्हणजे जीएचसीला, कोड सुधारण्याची मुभा दिली तर जीएचसी बहुधा ही बेरीज लगेच केलेली चालेल हे स्वतःच ओळखते आणि ढीग होऊ देत नाही. तुम्ही मात्र ती आज्ञावली जीएचसीआयमध्ये, म्हणजे टंकताच उत्तर देणाऱ्या खिडकीत, थेट टंकत असणार, तेथे ही मदत मिळत नाही.

उपाय म्हणजे फोल्डएल प्राइम, ज्याच्या नावाच्या शेवटी अवतरणासारखी एक लहान रेघ असते. ते प्रत्येक पायरीला साठा सोडवून मगच पुढे जाते, म्हणजे तुमच्या खऱ्या दिवाणजींसारखे वागते. पूर्वी ते डेटा.लिस्ट या मोड्यूलमधून मागवावे लागे. २०२४ मध्ये आलेल्या जीएचसी ९.१० पासून ते प्रिल्यूडमध्येच, म्हणजे न मागवता आपोआप हाताशी येणाऱ्या मोड्यूलमध्ये, मिळते. बेरीज, मोजणी, सर्वांत मोठे किंवा लहान मूल्य, अशा सर्व यादी पाहिल्याशिवाय न सुटणाऱ्या प्रश्नांना फोल्डएल प्राइम वापरा. ज्यांतून पुन्हा यादीच बाहेर पडते किंवा मध्येच थांबता येते, त्यांना फोल्डआर वापरा. साधे फोल्डएल वापरण्याचे प्रसंग मला तरी क्वचितच येतात.

एक खाच मात्र आहे. सरासरीसाठी तुम्ही बेरीज आणि पोत्यांची संख्या यांची जोडी साठा म्हणून नेणार: (०, ०), (५२, १), (१०१, २), (१५२, ३), (२०५, ४), (२५५, ५), आणि शेवटी २५५ भागिले ५ म्हणजे ५१. येथे फोल्डएल प्राइमसुद्धा फसते. ते साठा सोडवते म्हणजे ‘ही एक जोडी आहे’ इथपर्यंतच पाहते. जोडीच्या आतील दोन्ही आकडे न सोडवलेलेच राहतात आणि चिठ्ठ्यांचे दोन ढीग तयार होतात. जोडीतील दोन्ही नावांच्या आधी उद्गारचिन्ह घालून, म्हणजे बँग पॅटर्न वापरून, त्यांना लगेच सोडवायला लावावे लागते. मी स्वतः ही खाच कळण्याआधी एक आख्खा रविवार स्मृतीचा आलेख पाहण्यात घालवला आहे.

बारदान

उद्गारचिन्हे घातली आणि एक कोटी संख्यांची सरासरी पंखा न ओरडता आली. सर्वांचे आभार.

आज दुपारी गिऱ्हाईक नसताना हमालांच्या ओळीवर एक प्रयोग केला, त्याचे फळ अनपेक्षित आले म्हणून येथे नोंदवतो. हास्केलमध्ये अनडिफाइन्ड नावाचे मूल्य आहे. त्याला कोणी हात लावला की आज्ञावली कोसळते. आधी मी ओळीत पहिले पोते ओले ठेवले आणि त्याच्या मागची संपूर्ण शेपूट अनडिफाइन्ड केली. फोल्डआरने ‘खरे’ असे उत्तर दिले आणि फोल्डएल कोसळले. हे अपेक्षितच होते. मग मी शेपूट नीट ठेवली, दोनच पोत्यांची यादी केली, पहिले ओले आणि दुसरे पोते स्वतःच अनडिफाइन्ड. फोल्डएल या वेळीही कोसळेल अशी खात्री होती, पण त्यानेही ‘खरे’ असेच उत्तर दिले. हे कसे?

दंडोबा

उत्तम प्रयोग केलात. दुसऱ्या यादीत तयार झालेली राशी लिहून पाहा: (खोटे किंवा ओले) किंवा अनडिफाइन्ड. डाव्या कंसातून ‘खरे’ निघाले की बाहेरच्या ‘किंवा’ला उजवी बाजू बघायची गरज उरत नाही. फोल्डएल दुसऱ्या पोत्यापर्यंत चालत गेले, त्याच्या पलीकडे ओळ संपली आहे याची खात्री करून घेतली, पण पोते उघडून पाहिलेच नाही. पहिल्या प्रयोगात तर त्याला चालायला पुढे जमीनच नव्हती.

फोल्डएल प्राइमवरही दोन्ही प्रयोग करून पाहा. उत्तरे तीच येतील, आणि दुसऱ्यात ती तशी का येतात हे तुम्हाला आता स्वतःच सांगता येईल.